एकाच पॅनमध्ये मीटबॉल-पास्ता: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पास्ता वेगळ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि मग सॉसमध्ये घालायचा, ही नेहमीची रीत. त्यात पाणी थोडं कमी-जास्त झालं तरी बिघडत नाही, कारण जास्तीचं सगळं सिंकमध्ये जातं. एकाच पॅनमध्ये मीटबॉल आणि पास्ता करताना ही सोय नसते. ओतलेलं पाणी, त्यातलं मीठ, पास्त्यातून सुटलेला स्टार्च, मीटबॉलमधून उतरलेली चरबी, सगळं ताटात येतं. सॉस दाट आणि चकचकीत होतो तो त्यामुळेच, आणि पाणी किंवा मीठ अंदाजपंचे घातलं तर तेही तितकंच ठळकपणे कळतं. त्यामुळे निदान पहिल्या वेळी तरी मापाचं भांडं हाताशी ठेवा.

बाकी अवघड असं काही नाही. खिम्याचे गोळे परतायचे, त्याच पॅनमध्ये टोमॅटोचा सॉस करायचा आणि सॉसमध्येच कोरडा पास्ता शिजवायचा. हात बसलेला नसेल तर दीड तास धरा. त्यातला बराचसा वेळ गोळे वळण्यात आणि परतण्यात जातो, नंतर फक्त अधूनमधून ढवळत राहायचं असतं.

पॅन कोणता

पॅन 28 ते 30 सेंटिमीटर रुंद, निदान 6 सेंटिमीटर उंच काठाचा, जाड बुडाचा आणि घट्ट झाकण बसणारा हवा. अरुंद पातेल्यात गोळे एकमेकांवर चढतात, परतले न जाता वाफेवर शिजतात आणि करडे दिसतात. स्टीलचा किंवा इनॅमलचा लेप असलेला ओतीव लोखंडी पॅन उत्तम. नॉनस्टिकही चालतो, फक्त त्याच्या बुडाला तो तांबूस थर धरत नाही ज्यावर पुढे सॉसची चव उभी राहते. बिनलेपाचं लोखंड किंवा ॲल्युमिनियम मात्र टाळा. टोमॅटो आंबट, आणि इथे तो पंधरा-वीस मिनिटं तरी उकळणार असतो. सॉसला धातूची चव उतरते.

साहित्य, चौघांसाठी

मीटबॉलसाठी: खिमा 500 ग्रॅम, पांढऱ्या ब्रेडचे 2 स्लाइस (साधारण 50 ग्रॅम), दूध 80 मिलिलिटर, अंडं 1, किसलेलं पार्मेझान चीज 30 ग्रॅम, बारीक किसलेल्या लसणाच्या 2 पाकळ्या, मूठभर चिरलेली पार्सली, मीठ 1 सपाट छोटा चमचा, मिरपूड अर्धा चमचा.

सॉस आणि पास्त्यासाठी: ऑलिव्ह तेल 2 मोठे चमचे, मध्यम कांदा 1, लसणाच्या 4 पाकळ्या, टोमॅटो पेस्ट 2 मोठे चमचे, डब्यातले सोललेले टोमॅटो 400 ग्रॅम, ओरेगानो 1 छोटा चमचा, आवडत असेल तर चिली फ्लेक्स, गरम स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) किंवा साधं पाणी 650 मिलिलिटर आणि वर आणखी एक कप राखीव, कोरडा पास्ता 300 ग्रॅम, शेवटी घालायला 30 ग्रॅम चीज आणि बेसिलची पानं.

खिमा गाय, डुक्कर, मेंढी, बकरी, कोंबडी, कशाचाही चालतो. त्यात चरबी किती, हे जास्त महत्त्वाचं. 15 ते 20 टक्के चरबी असेल तर गोळे रसरशीत राहतात. अगदी कोरड्या, बिनचरबीच्या खिम्याचे गोळे कितीही जपलं तरी चोथ्यासारखे लागतात. अर्धा गायीचा आणि अर्धा डुकराचा खिमा हे जुनं, खात्रीचं मिश्रण. कोंबडीचा खिमा मुळातच ओलसर असतो, त्याला दूध निम्मंच घ्या.

पास्ता आखूड आणि जाड भिंतीचा घ्या: पेने, रिगातोनी, फुसिली किंवा शंखांसारखा. तो ढवळायला सोपा, आणि मिनिटभर इकडेतिकडे झालं तरी लगदा होत नाही. स्पॅगेटी वापरायचीच असेल तर मधोमध मोडून घाला. इटालियन स्वयंपाकी नाक मुरडतील, पण पॅनमध्ये मावली नाही तर एक टोक शिजतं आणि दुसरं कडक राहतं. केसासारखा बारीक पास्ता आणि ताजा, मऊ पास्ता या पद्धतीला नकोच. सॉस तयार होण्याआधीच ते विरघळायला लागतात.

गोळे

आधी ब्रेडच्या कडा काढून त्याचे तुकडे करा, दुधात दहा मिनिटं भिजवा आणि काट्याने मोडून गुळगुळीत लापशी करा. दूध पिळून काढायचं नाही. हे काम वगळू नका. मांस तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि रस बाहेर ढकलतात. भिजलेल्या ब्रेडचा स्टार्च त्यांच्या मध्ये बसतो, त्यांना फार जवळ येऊ देत नाही आणि ओलावाही धरून ठेवतो. सुके ब्रेडक्रम्स तसेच टाकले तर उलट तेच मांसातला रस पितात.

या लापशीत अंडं, चीज, लसूण, पार्सली, मीठ आणि मिरपूड घालून आधी सगळं नीट एकजीव करून घ्या आणि खिमा शेवटी घाला. क्रम असा ठेवला की खिम्याला फार हात लावावा लागत नाही. मीठ लागलेला खिमा जितका मळाल तितका तो चिकट होत जातो आणि शिजल्यावर रबरासारखा उसळतो. सॉसेजला ते हवं असतं, मीटबॉलला नको. बोटं पसरून, खालून वर उचलत, कुठे पांढरा ब्रेड वेगळा दिसेनासा झाला की थांबायचं. खिमा थेट फ्रिजमधून काढलेला, गार असू द्या.

मिठाचा अंदाज घ्यायला कच्चा खिमा चाखू नका. चमचाभर मिश्रण चपटं करून पॅनमध्ये दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवा आणि ते खाऊन बघा. गोळे एकदा वळले की आतलं मीठ बदलता येत नाही.

आता आकार. इटलीत पास्ता आणि मीटबॉल सहसा एका ताटात येत नाहीत. तिथे पोल्पेत्ते, म्हणजे मीटबॉल, बहुधा वेगळा पदार्थ म्हणून वाढतात. मोठाले मीटबॉल घातलेली स्पॅगेटी रुजली ती अमेरिकेत गेलेल्या इटालियन स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरात. पण इटलीतच आब्रुत्सो प्रांतातल्या तेरामो भागात पास्त्यात मीटबॉल घालतात, आणि ते अगदी इवलेसे, जेमतेम हरभऱ्याएवढे असतात. एका पॅनच्या कामाला या दोन्हींच्या मधला आकार बरा: साधारण साडेतीन ते पावणेचार सेंटिमीटर, 25 ते 30 ग्रॅम. एवढ्या मिश्रणात 24 च्या आसपास गोळे होतात. ते एका घासात किंवा दोन घासांत संपतात आणि पास्त्याबरोबरच आतपर्यंत शिजतात. याहून बरेच मोठे केले तर पास्ता होऊनही ते मध्ये कच्चेच राहण्याची भीती.

वळताना तळहात गार पाण्याने ओले ठेवा. दाबून कडक करू नका, भेग राहणार नाही इतपतच गोल करा. ताटलीत मांडून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. चरबी घट्ट होते आणि परतताना आकार टिकतो. कोंबडीच्या खिम्याला अर्धा तास द्या. तेवढ्यात कांदा-लसूण चिरून घ्या, डब्यातले टोमॅटो हाताने कुस्करून ठेवा आणि स्टॉक गरम करा.

परतणं

घाई इथेच नडते. पॅन मध्यम ते मोठ्या आचेवर तापू द्या, तेल घाला, तेल पातळ होऊन पॅनभर सहज फिरायला लागलं की गोळे एकेक करून ठेवा. दोन गोळ्यांमध्ये बोटभर जागा हवी. सगळे एकदम बसत नसतील तर दोन हप्त्यांत करा. गर्दी झाली की सुटलेलं पाणी आटायला जागा मिळत नाही, आणि पाणी असेपर्यंत पॅनचं तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही. मांसाला तांबूस रंग आणि खमंग वास यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं.

ठेवल्यावर दोन मिनिटं हात लावू नका. गोळा उलटायला गेलात आणि तो बुडाला चिकटून बसला असेल तर त्याचा अर्थ तो अजून तयार नाही. थांबा, कवच धरलं की तो स्वतःच सुटतो. चिमट्याने किंवा दोन चमच्यांनी वळवत तीन बाजू तांबूस करा. पूर्ण गोल रंग येणार नाही, येण्याची गरजही नाही. एका हप्त्याला सहा ते सात मिनिटं पुरतात.

गोळे ताटलीत काढा. ते आतून अजून कच्चे आहेत, हे विसरू नका. त्यामुळे कुणी चव म्हणून एखादा उचलणार नाही याकडे लक्ष ठेवा, आणि ती ताटली व चिमटा धुतल्याशिवाय वाढायला वापरू नका. ताटलीत जमणारा रस मात्र टाकायचा नाही, तो पुढे सॉसमध्ये जातो.

सॉस

पॅनमध्ये दोन चमचे चरबी-तेल ठेवून बाकीचं काढून टाका. आच मध्यम करा, चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. कांद्याला पाणी सुटेल, त्या पाण्यात बुडाचा तांबूस थर सैल व्हायला लागेल. लाकडी कालथ्याने तो खरवडत राहा. पाच-सहा मिनिटांत कांदा मऊ होतो. लसूण त्यानंतरच घाला आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका, करपलेल्या लसणाचा कडूपणा पुढे कशानेच झाकत नाही.

टोमॅटो पेस्ट घालून दोन मिनिटं परता. लाल रंग विटकरीकडे झुकला आणि कडेने तेल सुटलं की तिचा कच्चा वास गेला असं समजा. ओरेगानो, चिली फ्लेक्स, कुस्करलेले टोमॅटो आणि 650 मिलिलिटर गरम स्टॉक घाला. बूड एकदा पूर्ण खरवडून घ्या, कारण तिथे काही चिकटलेलं राहिलं तर पास्ता नेमका तिथेच लागेल. मिठाचा हात आखडता ठेवा. स्टॉकमध्ये मीठ आहे, चीजमध्ये आहे, आणि अजून पाणी आटायचं आहे. आत्ता सॉस किंचित अळणी लागला तरच शेवटी बरोबर लागेल.

पास्ता शिजताना

सॉसला सणसणीत उकळी आली की पास्ता घाला आणि कालथ्याने दाबून पातळ सॉसखाली बुडवा. वर डोकावणारे तुकडे कडक राहतात. पहिली दोन मिनिटं पॅनजवळून हलू नका, सतत ढवळत राहा. पास्त्याचा पृष्ठभाग ओला होऊन त्यावर स्टार्चचा चिकट थर येतो तो याच वेळी, आणि तुकडे एकमेकांना धरतात तेही याच वेळी. नंतर ते सुटे करत बसावं लागतं, आणि त्यात ते मोडतात.

मग आच मध्यम-मंद करा, झाकण थोडं तिरपं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बुडापासून ढवळा. उकळी कशी हवी? पॅनभर सारखे छोटे बुडबुडे, रटरट आवाज, पण सॉस उडत नाही अशी. अगदी शांत पॅनमध्ये पास्ता भिजून फुगतो, नीट शिजत नाही. जोराच्या आचेवर पाणी आधी संपतं.

पास्ता घालून सहा मिनिटं झाली की गोळे आणि ताटलीतला रस पॅनमध्ये परत टाका. बऱ्याच पाककृती गोळे सुरुवातीपासूनच पॅनमध्ये ठेवायला सांगतात. मला ते पटत नाही. ज्या मिनिटांत सर्वात जास्त ढवळायचं असतं त्याच मिनिटांत मऊ गोळे कालथ्याखाली येतात आणि निम्मे फुटतात. उशिरा घातलेले गोळे सॉसमध्ये अर्धे बुडवून ठेवायचे, झाकण पूर्ण लावायचं आणि यापुढे ढवळताना कालथा त्यांच्या खालून, कडेने फिरवायचा.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर इथे 14 ते 16 धरा. दाट, आंबट सॉसमध्ये पास्ता साध्या पाण्यापेक्षा सावकाश शिजतो. घड्याळापेक्षा एक तुकडा दातांनी तोडून आत बघणं खात्रीचं. मधोमध पांढरा ठिपका किंवा रेघ दिसत असेल तर कणी शिल्लक आहे, दोन-तीन मिनिटं लागतील. ठिपका जवळजवळ गेला आहे पण दाताला थोडा विरोध होतो आहे, इथे गॅस बंद करायचा. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबलात तर ताटात येईपर्यंत तो गिच्च होईल.

या टप्प्यावर सॉस तुम्हाला पातळ वाटेल. वाटू द्या. कालथा बुडावरून ओढला की क्षणभर वाट दिसावी आणि लगेच सॉसने ती भरून जावी, एवढा पातळपणा बरोबर आहे. वाट तशीच उघडी राहिली तर राखीव गरम स्टॉकमधला पाव कप घाला.

गोळे शिजले का, ते रंगावरून ठरवू नका. खिमा पूर्ण शिजण्याआधीही करडा दिसू शकतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सर्वात मोठ्या गोळ्याच्या मध्यभागी खुपसा. गाय, डुक्कर, मेंढी, बकरी यांना 71 अंश सेल्सिअस आणि कोंबडीला 74 अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर तोच मोठा गोळा मधून कापा: आत गुलाबी, ओला-चिकट भाग नको आणि मध्य वाफाळता गरम हवा. शंका असली तर आणखी तीन मिनिटं झाकण ठेवा.

शेवटची पाच मिनिटं

गॅस बंद करून पॅन झाकून पाच मिनिटं तसाच ठेवा. पास्ता उरलेला सॉस शोषून घेतो, स्टार्चमुळे सॉस दाटतो, आणि मघाशी पातळ वाटत होतं ते चमच्याच्या पाठीला धरायला लागतं. मग किसलेलं चीज थोडं थोडं भुरभुरवत ढवळा. चीज उकळत्या सॉसमध्ये एकदम टाकलं तर त्याच्या गुठळ्या होतात आणि तार सुटून ते कालथ्याला लोंबतं. बेसिल हाताने तोडून घाला. मीठ आत्ता चाखा, लागेल तेवढंच घाला. पालक किंवा मटार घालायचे असतील तर ते गॅस बंद करण्याआधी दोन मिनिटं.

काही बिनसलं तर

पाणी संपलं आणि पास्ता अजून कडक: राखीव स्टॉक पाव-पाव कप घाला, तोही गरमच. गार पाण्याने उकळी मोडते आणि पास्ता चिकट होतो. पास्ता झाला पण सॉस सूपासारखा: झाकण काढा, गोळे बाजूला काढा, मोठ्या आचेवर दोन मिनिटं सतत ढवळत आटवा. त्याहून जास्त नाही. उरलेलं काम विश्रांती आणि चीज करतात. आंबट लागतोय: छोटा चमचा लोणी आणि चिमूटभर साखर. खारट झाला असेल तर थोडा बिनमिठाचा टोमॅटो आणि गरम पाणी घालून पातळ करण्याशिवाय दुसरा इलाज नाही. बटाटा टाकून मीठ शोषून घेण्याची युक्ती सगळे सांगतात, पण बटाटा नुसतं मीठ वेचून घेत नाही, खारट पाणीच पितो.

बुडाला लागलं असेल तर खरवडू नका. वरचा भाग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा आणि करपलेला थर तिथेच राहू द्या. ढवळून तो वर आणला की सगळ्या पॅनला जळका वास लागतो.

आठ जणांसाठी करायचं असेल तर त्याच पॅनमध्ये दुप्पट माल भरू नका. दोन पॅन घ्या. थर जाड झाला की खालचा पास्ता लगदा होतो आणि वरचा कडक राहतो. गव्हाच्या कोंड्यासकटच्या पास्त्याला वेळही जास्त लागतो आणि स्टॉकही, राखीव कप त्यालाच बहुधा पूर्ण लागेल. ग्लुटेन नसलेला पास्ता ढवळताना पटकन मोडतो, तो मात्र मी अजूनही वेगळाच उकळते.

उरलं तर दोन तासांच्या आत, उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी सॉस दिसणारच नाही, सगळा पास्त्याने प्यायलेला असतो. पॅनमध्ये काढून त्यावर पाव कप पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ सगळीकडून येईपर्यंत गरम करा. गोळे आधी करून ठेवायचे असतील तर वळून, ट्रेमध्ये सुटे गोठवून मग पिशवीत भरा. तीन महिन्यांच्या आत वापरा. फ्रीजरमधून काढून रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या आणि परतण्याआधी कागदाने कोरडे टिपून घ्या.